न उकळलेलं पाणी

अप्पांनी मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढलं आणि "उकळलं! उकळलं!" म्हणून असे ओरडले की पलीकडच्या स्वयंपाकघरातून आई पळत आली. तिला वाटलं, दूध उतू गेलं.

"दूध नाही गं, पाणी," अप्पा म्हणाले. "माणसाचा पत्ता नव्हता तेव्हाचं पाणी. ये, बघ तरी."

आईने बघितलं नाही. लग्न झाल्यापासून तिने खाणीच्या कुठल्याही गोष्टीत डोकं घातलेलं नव्हतं, आणि त्यामुळेच घरात तिचं एकटीचं डोकं ठिकाणावर होतं. तिने दारात उभ्या असलेल्या मुलीकडे बघितलं. मुलीचे केस अजून ओले होते, चहा व्हायचा होता, आणि चेहरा मात्र कोणीतरी अंगावर दार लोटल्यासारखा झाला होता.

या मुलीला खाणीवर सगळे थेंबाबाई म्हणायचे. तिचं कामच थेंबांचं. जमिनीखाली खोल कुठेतरी पाणी तापतं. खारट, गंधकाचं पाणी. खडकातून फिरता फिरता ते कणाकणाने धातू विरघळवून घेतं आणि भेगाभेगांतून वर चढतं. वर येईल तसा दाब कमी होतो, आणि एका ठिकाणी ते खळखळून उकळतं. सोन्याला पाण्यात धरून ठेवणारा गंधक वाफेबरोबर उडून जातो, मग सोन्याला कोणी वाली राहत नाही. ते आहे तिथेच खाली बसतं. त्याच भेगेत गारगोटी वाढत असते, आणि वाढता वाढता त्या पाण्याचे बारीक बारीक थेंब पोटात कोंडून घेते. थंड झाल्यावर थेंबातलं पाणी आक्रसतं, आणि आत एक बुडबुडा उरतो. उकळत्या पाण्यातले थेंब असतील, तर एकात बुडबुडा एवढासा आणि शेजारच्यात नुसती वाफच वाफ, असा सगळा सावळागोंधळ दिसतो. न उकळता कोंडलेले असतील, तर सगळे बुडबुडे एका मापाचे, शाळेतल्या गणवेशासारखे. गारगोटीची पातळ चकती कापायची, घासून लख्ख करायची, मायक्रोस्कोपखाली धरायची आणि थेंबांना विचारायचं, तुम्ही कोंडले गेलात तेव्हा काय चाललं होतं? थेंब खोटं बोलत नाहीत. पण त्यांना ऐकता यावं लागतं.

घरचा रिवाज असा की चकतीवर पहिली नजर अप्पांची. पूर्वी कुदळीने फोडलेला दगड आधी आजोबांच्या हातात जायचा, मग अप्पांच्या. आता दगडाच्या जागी चकती आली, एवढाच काय तो फरक. मुलीने चकती तयार करायची, यंत्राखाली बसवायची आणि मग बाजूला व्हायचं. थेंब वाचायला अप्पांना तिनेच शिकवलं होतं. एकसारखे बुडबुडे म्हणजे उकळलं नाही, वेगवेगळे म्हणजे उकळलं. धडा बरोबर होता, फक्त अर्धा होता. आणि अप्पांचा स्वभाव तर अर्ध्या हळकुंडाने पिवळा होण्याचा.

आता ती अशी घाबरली का, ते सांगायला हवं.

ती शिकायला बाहेर होती. सहा वर्षांपूर्वी अप्पांनी बोलावलं, "एक बोअर मारतोय, तेवढे थेंब बघून दे आणि जा." ती आली. एक बोअर संपला, दुसरा सुरू झाला. दुसऱ्यानंतर अप्पांना दम्याचा त्रास झाला, मग धाकट्या भावाचं लग्न निघालं, मग पंप बिघडले, मग तिसरा बोअर. दर वेळी "एवढं झालं की जा." नाही कोणी म्हणायचंच नाही. दारावर कुलूप असतं तर तिने तोडलं असतं. इथे दार सताड उघडं, आणि उंबऱ्यात कोणीतरी आजारी पडलेलं. सामानाच्या कोठीत, स्वयंपाकघराला लागून, तिची प्रयोगशाळा. एक मायक्रोस्कोप, त्याखाली चकती तापवायची नखाएवढी भट्टी, एक स्टूल. खिडकी होती, तिच्यातून धाकट्याने रचलेल्या, बोअरमधल्या दगडी गाभ्यांच्या पेट्या दिसायच्या. त्यांच्या पलीकडे काही दिसायचं नाही, कारण पेट्या दर महिन्याला वाढायच्या. तुम्ही म्हणाल, अगदी थेंबासारखीच अडकली की! तसं नाही. थेंबाला दिवसातून दोनदा कोणी जेवायला हाका मारत नाही, आणि तू होतीस म्हणून निभावलं, असंही म्हणत नाही.

या वेळी मात्र गोष्ट वेगळी होती. बंदराच्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेने तिला बोलावलं होतं. थेंबांचा सगळा विभाग तिच्या हातात द्यायला तयार होते. शुक्रवारपर्यंत होय किंवा नाही कळवायचं होतं. तिने ते घरात उघड सांगितलं, आणि अप्पांनी सगळ्यांच्या देखत शब्द दिला, "हा शेवटचा बोअर. थेंब नाही म्हणाले तर खाण बंद. मी स्वतः तुला गाडीत बसवून देईन. पण हो म्हणाले, तर खाणीचा उभा शाफ्ट आणखी खाली न्यायचा, आणि मग तुझ्याशिवाय कसं व्हायचं, तूच सांग."

आज बुधवार. आणि अप्पा म्हणत होते, उकळलं.

"अप्पा, मला बघू दे," ती म्हणाली.

"बघ ना! डोळे भरून बघ." अप्पा उठले ते थेट अंगणात गेले आणि तिथूनच ड्रिलमास्तरांना हाक मारली. शाफ्ट खोदणाऱ्या ठेकेदाराला सोमवारी यायला सांगा, म्हणाले. धाकट्याला टोळी जमवायला सांगा. आपण आणखी खाली जातोय.

ती स्टुलावर बसली. चकतीत खरोखरच सावळागोंधळ होता. एका थेंबात बुडबुडा गच्च भरलेला, शेजारच्यात नावालाही नाही. अप्पांची चूक म्हणवेना. पण थेंबांचे आकार तिला खटकले. गोल नव्हते; लांबट होते, टोकाला निमुळते, एकाची शेपटी दुसऱ्याकडे वळलेली. तिने दिवा कमी केला, नळी वरखाली केली, आणि तिच्या लक्षात आलं. हे मुळात वेगळे थेंब नव्हतेच. एक लांब थेंब होता. बुडबुडा तयार झाल्यानंतर गारगोटी पुन्हा थोडी थोडी भरत गेली, आणि पिठाचा गोळा मधे चिमटावा तसा थेंबाला चिमटा बसून त्याचे दोन झाले. बुडबुडा ज्याच्या वाट्याला आला त्याला सगळा आला, दुसरा रिकाम्या हाताने राहिला. अप्पांना दिसला तो उकळण्याचा गोंधळ नव्हता, भावाभावांतली वाटणी होती. धड्याचा उरलेला अर्धा भाग हाच.

तिने भट्टी लावली. खरं उकळलेलं पाणी असेल, तर दोन्ही जातींचे थेंब साधारण एकाच तापमानाला एकजीव होतात. एकातला बुडबुडा विरतो, दुसऱ्यातलं पाणी वाफेत जातं. इथे एक थेंब लवकरच निवळून एकजीव झाला. दुसऱ्याला कितीतरी जास्त तापवावं लागलं. तिसऱ्याने तर तग धरलाच नाही, फुटून काळा डाग झाला. कोणाचा कोणाशी मेळ नाही. मग तिने त्याच गाभ्याच्या दुसऱ्या चकतीत न चिमटलेले, अंगाने धड असे थेंब शोधले. ते सगळे एका मापाचे निघाले आणि जवळजवळ एकदमच निवळले. म्हणजे या खोलीवर पाणी उकळलंच नव्हतं. उकळलं होतं ते वर, जिथलं सोनं आजोबांनी आणि अप्पांनी कधीच काढून संपवलं होतं. इथून सोनं नुसतं गेलं होतं, थांबलं नव्हतं. आणखी खाली जाऊन मिळणार होती पांढरीशुभ्र गारगोटी, हवी तेवढी.

तिला आनंद झाला. इतका, की तिने तोंडावर हात दाबला, नाहीतर पलीकडे आईला ऐकू गेलं असतं. मी सुटले, असं ती स्वतःशी म्हणाली. आणि ते म्हणताक्षणी तिला स्वतःचाच संशय आला. जे हवं होतं तेच कसं दिसलं? तिने सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. नवी चकती, नवे थेंब, मुद्दाम अप्पांच्या बाजूने पुरावा शोधत. जेवायला गेली नाही. आईने दोनदा दार वाजवलं. संध्याकाळी डोळे चुरचुरायला लागले तेव्हा तिने यंत्र बंद केलं. थेंबांचं उत्तर बदललं नव्हतं.

ती आधी धाकट्याकडे गेली. तो पंपघरात वंगण घालत होता. शाफ्ट खाली न्यायचा तर टोळीच्या पुढे तोच राहणार होता. पाणी झिरपणाऱ्या जुन्या बोगद्यांच्या खाली वर्षानुवर्षं ओल्या खडकात, आणि तेही कशासाठी? तिने त्याला सगळं समजावलं, तेलकट फरशीवर बोटाने थेंब काढून दाखवला, मधे चिमटला, दोन केले. त्याने नीट ऐकून घेतलं. मग चिंधीला हात पुसत खाली बघून म्हणाला, "ताई, राग मानू नकोस. तुला जायचंय म्हणून तर तुला असं दिसत नाही ना?"

"मी खोटं सांगेन तुला?"

"खोटं नाही गं. पण माणसाला जे पाहिजे ते दिसतं. अप्पांना सोनं पाहिजे, त्यांना उकळलेलं दिसलं. तुला जायचंय, तुला न उकळलेलं दिसलं. मी कोणाचं धरू? मला तर त्यात ठिपके दिसतात."

दुपारभर तिने स्वतःला हेच तर विचारलं होतं. स्वतःला उत्तर देता आलं. भावाला देता येईना.

गुरुवारी सकाळी सगळे जेवणाच्या टेबलाशी बसले. अप्पा, आई, धाकटा आणि ड्रिलमास्तर. ड्रिलमास्तर म्हणजे तोंडात सुपारी आणि पोटात सगळ्यांची गुपितं ठेवणारा शांत माणूस. तिने सगळं मांडलं. आवाज चढू दिला नाही. अप्पा ऐकत होते, आणि ऐकता ऐकता हसत होते. ते हसणं तिला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

"छान," ते म्हणाले. "मला शिकवताना वेगवेगळे बुडबुडे म्हणजे उकळलं. आणि आता ते निघाले, तर म्हणे त्यांना चिमटा बसला. हा चिमटा सहा वर्षं कुठे होता, बाईसाहेब?"

"तेव्हा तसे थेंब आले नाहीत, अप्पा. म्हणून राहिलं शिकवायचं."

"आले ते बरोबर शुक्रवारच्या तोंडावर."

"बाहेर पाठवा चकत्या. दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या."

"कोणाकडून?" अप्पांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. हे काम करणारी दुसरी प्रयोगशाळा एकच होती, बंदराच्या शहरातली. "म्हणजे तुझ्या होणाऱ्या साहेबांकडून! वा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

आई म्हणाली, "काहीतरीच काय बोलता? पोटची पोर आहे."

"पोटची आहे म्हणूनच सांगतो. तिला जायचं असेल तर तिने सरळ जावं. मी धरून ठेवलंय का? पण जाता जाता माझी खाण बंद करून जाऊ नये." अप्पांचा आवाज इथे फाटला. सोनं राहू दे. मुलगी आपल्यापासून सुटायला बघतेय, हे त्यांना सहन होत नव्हतं, आणि ते त्यांनाही कळत नव्हतं. तिला कळत होतं. कळून उपयोग काय? समजूतदार माणसाची सगळीकडून कोंडी होते, ती अशी.

ती त्या टेबलाशी बसून हिशोब लावत राहिली. गप्प बसावं, तर शाफ्ट खाली जाणार, धाकटा खाली जाणार, तिलाही राहावं लागणार, आणि तेही एका चुकीच्या थेंबापायी. खरं सांगून निघून जावं, तर ती सुटणार; पण तिच्या जाण्यानेच तिचं बोलणं खोटं ठरणार. बघा, होता ना पाय बाहेर, असं म्हणून सोमवारी ठेकेदार येणार, आणि धाकटा जाणारच खाली. तिचं खरं बोलणं या घरात कोणी घेईल, ते एकाच अटीवर. त्यातून तिला काही मिळता कामा नये.

एवढं कळल्यावर तिला रडू आलं नाही, राग आला. अप्पांचा आला, धाकट्याचा आला, सहा वर्षांच्या स्वतःच्या शहाणपणाचा तर सगळ्यात जास्त आला. तिने टेबलावरचा फोन पुढे ओढला, नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

पलीकडे प्रयोगशाळेच्या बाई होत्या, चांगल्या मोकळ्या आवाजाच्या. "अरे वा, एक दिवस आधीच! मग, कधी येताय?"

"मी येत नाहीये," ती म्हणाली. "तेच कळवायला फोन केला."

"विचार केलाय ना नीट? तुम्ही नाही म्हणालात तर मला आजच दुसऱ्या उमेदवाराला कळवावं लागेल. मग मला मागे फिरता येणार नाही."

"हो. कळवा त्यांना."

"काही अडचण आहे का? मी काही..."

"नाही. घरचं आहे." हे दोन शब्द जगात सगळ्यांना कळतात आणि त्यावर पुढे कोणी विचारत नाही. बाईंनीही विचारलं नाही. फोन ठेवला.

धाकटा उठून उभा राहिला होता. "ताई, हे काय केलंस?"

"बस खाली," ती म्हणाली. तिने फोन बाजूला सरकवला. "आता ऐका. मला कुठेही जायचं नाहीये. खाण चालली तरी मी इथे, बंद पडली तरी मी इथे. उलट चालली तर माझंच बरं, काम राहील. आणि मी सांगतेय, खाली काही नाही. पाणी तिथे उकळलं नाही. सोनं वर होतं, ते तुम्ही आणि आजोबांनी काढलं. संपलं, अप्पा."

अप्पांचं हसणं केव्हाच मावळलं होतं. मग ते उठले आणि कोठीत गेले. ती मागोमाग गेली. त्यांनी स्टूल ओढलं, डोळा लावला आणि म्हणाले, "दाखव. चिमटा कुठे बसलाय ते दाखव."

तिने चकती सरकवली. "ही शेपटी दिसते? आणि हिच्यासमोर ही दुसरी. आधी हे दोन्ही मिळून एक होतं."

अप्पांना दिसायला वेळ लागला. ते मधेच डोळे पुसायचे, पुन्हा लावायचे. "हां," असं एकदा म्हणाले. आणखी थोड्या वेळाने म्हणाले, "आहे खरं. काल पण होतं की हे." काल होतंच. थेंब तेच होते, यंत्र तेच होतं, सांगणारी तीच होती. काल फक्त तिच्या हातात बंदराच्या शहरातली नोकरी होती.

बाहेर येऊन अप्पांनी मास्तरांना सांगितलं, "ठेकेदाराला नाही म्हणून कळवा. बंद करायची." एवढं बोलून ते खुर्चीत बसले आणि रडले. लहान मुलासारखे, आवाज करून. आईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. धाकट्याला हसावं की रडावं कळेना. सुटलो हे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं, आणि बहिणीकडे बघितलं की ते पुसून जायचं. तो तिच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "पुन्हा फोन कर ना त्यांना. आता तर अप्पांना पटलंय."

"आजच कळवणार होत्या त्या," ती म्हणाली. "कळवलं असेल."

"दुसरीकडे बघू की. जग काय एवढंच आहे?"

ती हो म्हणणार होती. तिच्याही मनात तेच आलं होतं. खाण बंद झाली की धरून ठेवायला उरतंय काय? तेवढ्यात अप्पांनी तोंड पुसलं आणि तिला जवळ बोलावलं. सहा वर्षांत त्यांनी तिच्याशी इतक्या मऊ आवाजात बोललेलं कोणाला आठवत नव्हतं.

"पंप थांबवले की बोगद्यांत पाणी चढेल," ते म्हणाले. "गंधकाचा खडक आहे, पाणी आंबट होऊन खालच्या वस्तीच्या विहिरींत जाईल. ते तसं सोडता यायचं नाही. बरीच वर्षं लक्ष ठेवावं लागेल, दर आठवड्याला तपासावं लागेल. मला त्यातलं काही कळत नाही, धाकट्यालाही नाही. मी तर घाबरलोच होतो, तू गेलीस तर हे कोण बघणार? म्हणून तर बंद करायचं नाव काढवत नव्हतं." त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "पण आता कसली काळजी? तू तर राहतेच आहेस."

हे त्यांनी डाव टाकून म्हटलं असतं, तर तिने हात सोडवून घेतला असता. पण ते अगदी मनापासून म्हणत होते, डोळ्यांत पाणी आणून, तिचे आभार मानत. आई मान हलवत होती. मास्तरसुद्धा म्हणाले, "सोनारानेच कान टोचलेले बरे. थेंबाबाई आहेत म्हणजे चिंता नाही."

धाकटा एकटा तिच्याकडे बघत होता, नाही म्हण, नाही म्हण, असं नुसत्या डोळ्यांनी सांगत. पण ती कशी नाही म्हणणार? तासाभरापूर्वी याच टेबलाशी ती म्हणाली होती, मला कुठेही जायचं नाहीये. आणि त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून तिच्या बापाने आपली खाण सोडली होती.

"हो, अप्पा," ती म्हणाली. "मी आहे."